सुगीची वही : एका किशोर रहस्यकादंबरीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

मृग लागला. ढग येतात, नुसते बघून जातात. आमच्याकडच्या शाळा जुलैत उघडतात, तोवर कादंबरीचा सांगाडा उभा करायचा म्हणून आज ही वही काढली.

कारण मार्चमधलं आहे. वाचनाच्या तासाला सहावीच्या पोरांना एक शोधकथा वाचून दाखवली. तीत समुद्र होता, दीपस्तंभ होता, गुहा होती. संपल्यावर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, “मॅडम, असे चोर आपल्या गावात काऊन येत नाई?” वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही.

पहिला आराखडा असा होता: जुना वाडा, भुयार, हरवलेला सोन्याचा गोफ. दोन प्रकरणं लिहिली आणि फाडली. आमच्या गावातल्या वाड्याची एक भिंत उरली आहे, तिच्यावर गोवऱ्या वाळत घालतात. भुयार कुठून आणू? हरवायची ती वस्तू पोरांनी हाताळलेली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात अशी एकच वस्तू आहे जी घराघरात छतापर्यंत रचलेली असते, आणि ती कापूस आहे.

ठरवलेलं: वाचक नऊ ते बारा वर्षांचे, अठरा प्रकरणं, पंचवीस हजार शब्दांच्या आत.

एक अडचण आत्ताच लिहून ठेवते. शहरातल्या रहस्यकथेत कोणी पाहिलेलं नसतं म्हणून कोडं पडतं. गावात पाहिलेलं सगळ्यांनी असतं, बोलत कोणी नाही. माझ्या पोरीला पायाचे ठसे शोधायचे नाहीत, लोक कशाबद्दल गप्प आहेत ते शोधायचं आहे.

२३ जून

नाव. मी ‘अन्विता’ ठरवलं होतं. शेजारची दोन पोरं म्हणाली, हे तं मालिकेतल्या पोरीचं नाव अस्ते. मग सुगंधा. आजी तिला ‘सुगी’ म्हणते, कारण ती ऐन सुगीत जन्मली. पोरांना पसंत.

वय अकरा, सहावीत. भिंग नाही, टोपी नाही, कुत्रा नाही. (कुत्रा पाहिजेच असा आग्रह झाला. वावरात एक ठेवला आहे, तो सुगीचं काही ऐकत नाही.)

११ ऑगस्ट

आज एक मोठी गाठ सुटली, तीही वावरात.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्यांवर (कळ्यांवर) आली. मामाजींनी गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावलेत, एकरी दोन. पिवळ्या प्लास्टिकच्या पिशव्या काठीला, वर झाकणात मादीच्या वासाची ल्यूर. नर पतंग वासावर येतात आणि पिशवीत पडतात. रोज सकाळी मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीचा विचार करायचा. मामाजींना चष्म्याशिवाय पतंग आणि कचरा सारखाच दिसतो, म्हणून मोजायचं काम माझ्या मुलाकडं आहे. त्यानं वहीत रकाने आखलेत: तारीख, सापळा नंबर, किती, शेरा. शेऱ्यात काल लिहिलं होतं: ‘नं. ३ ची पिशवी कोणीतरी बांधून ठेवली होती. गाठ आपल्यासारखी नाही.’

मी बांधावरच बसले. सुगी गुप्तहेर कशी झाली, याचं उत्तर समोर होतं. ती कुठलं पुस्तक वाचून झाली नाही. बापानं तिला पतंग मोजायला लावलं. न चुकता, न वाढवता, दिसलं तेवढंच लिहायची सवय तिला सापळ्यांनी लावली. नंतर ती त्याच वहीच्या मागच्या पानांवर माणसं लिहायला लागते.

कादंबरीचं नावही यातूनच मिळालं, ‘सुगीची वही’.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

काल पोळा फुटला. आज पहाटे पोरं मारबतीला हाकलत गावाबाहेर गेली, दुपारी लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा मागत फिरली. माझी ओसरी चिल्लरीच्या आवाजानं भरली. हे सगळं कादंबरीत घालायचा मोह अनावर होतो. झडत्या, दारावरचे पळसाचे मेढे, खांद शेकणी, पानंच्या पानं होतील. पण माझा कापूस ऑक्टोबरात निघतो आणि गोष्ट तेव्हा सुरू होते. पोळ्याचा एक परिच्छेद ठेवला, सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, देवराव याची ओळख करून देण्यापुरता. तो बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो आणि सुगीला विचारतो, “सांग बरं, कोनता खांदा जास्त दुखते?” ती सांगते. बरोबर सांगते.

आरोप याच माणसावर येणार आहे.

२० ऑक्टोबर

पहिला वेचा. सीतादही झालं, वावरात दहीभाताचा नैवेद्य पडला आणि बाया ओळीनं पाती धरून लागल्या.

आज मी लेखिका म्हणून गेले होते, म्हणजे कामाला अडथळा म्हणून. विचारलं, इतक्या पहाटे का? एकीनं बोटं दाखवली. दहिवरानं बोंडाची टोकं मऊ असतात, टोचत कमी. वाळलेली पत्ती चुरून कापसाला चिकटत नाही. आणि तिसरं कारण तिनं हसून सांगितलं: ओला कापूस जड भरतो, आणि मजुरी किलोवर आहे. मालकालाही ते माहीत असतं.

कापूस गाठोड्यात दाबला की ती ओल आत राहते. त्याच संध्याकाळी ताणकाट्यावर वजन, आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढं किलो.

दोन किलो कापूस घरी आणला आहे, दहिवरात वेचलेला. पसरून ठेवलाय, रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते आहे. घरचे बोलत नाहीत, बघतात.

१० नोव्हेंबर

दोन किलोचा एक किलो आठशे चाळीस झाला. कोणी हात लावला नाही, मांजर सोडून.

म्हणजे माझा पहिला चोर ऊन आहे. त्यावर आकडे बसवले:

सुगीच्या घरी वेचणीच्या वहीप्रमाणं ४ क्विंटल ६० किलो कापूस आला. भाव वाढेल म्हणून बापानं तो घरातच रचला. फेब्रुवारीत विकायला काढला तेव्हा भरला ३ क्विंटल ९१. तूट ६९ किलो. या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये आहे, म्हणजे पाच हजारांच्या वर रक्कम. सालदाराच्या सालातून ती कापायची, अशी भाषा सुरू होते.

ओल १६ टक्क्यांवरून ८ वर आली. मी ४६० चे ८ टक्के काढले, ३६.८ किलो. दोन प्रकरणं या आकड्यावर लिहून झाली. काल रात्री भांडी घासताना लक्षात आलं की हे चूक आहे. आणि मी सहावीला शेकडेवारी शिकवते!

पाणी ओल्या वजनाचं धरायचं. ४६० मध्ये १६ टक्के पाणी, म्हणजे ७३.६. कोरडा माल ३८६.४. तो काही कमी होत नाही. वाळल्यावर हाच माल एकूण वजनाच्या ९२ टक्के होतो. ३८६.४ ला ०.९२ नं भागलं की ४२०. घट बरोबर ४० किलो. आकडा इतका स्वच्छ आला की मीच घाबरले, तीनदा तपासलं.

लाज वाटली, मग ती वापरायचं ठरवलं. सुगीही आधी माझीच चूक करते. ३६.८ घेऊन ती चावडीवर जाते, उरलेले ३२.२ किलो कुणाशीच जुळत नाहीत, तोंडावर पडते. सातव्या प्रकरणात तिला वाटतं, ऊन चोर आहे, संपलं. पण ४० वजा केले तरी ६९ मधले २९ उरतात. अर्धं कोडं सुटल्यावर खरं कोडं सुरू होतं. कादंबरीचा कणा हा आहे.

वाचकाला पुरावा आधी दाखवायला हवा, नाहीतर ती फसवणूक. म्हणून तिसऱ्या प्रकरणात गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याचा माणूस ओल मोजायचं यंत्र कापसात खुपसतो आणि म्हणतो, “सोळा भरते, भाव तुटन.” बाप चिडून माल परत रचतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात सोळा हा आकडा पेरून झाला.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. काल दुपारपासून केंद्रावर ड्युटी. एकही शब्द लिहिला नाही. बोटाला शाई लावून घेणाऱ्या दोन आज्यांचं भांडण मात्र टिपून ठेवलं.

१५ डिसेंबर

एका लेखकमित्राला सहा प्रकरणं पाठवली होती. त्यांचा फोन आला. भाषा आवडली. मग म्हणाले, विदर्भातला कापूस आहे आणि शेतकरी आत्महत्या नाही, हे खोटं वाटेल. शेवटी बाप काहीतरी करायला जातो आणि पोरगी वाचवते, असं करून बघा.

मी फोनवर ‘बघते’ म्हणाले. खरं तर रात्रभर राग गेला नाही. माझ्या वर्गात अशी घरं आहेत. त्या पोरांना ही गोष्ट ठाऊक आहे, माझ्या पुस्तकानं ती त्यांना सांगायची गरज नाही. आणि तिचा उपयोग शेवटच्या प्रकरणाची धडधड वाढवायला तर मुळीच नाही. या पोरांना वर्तमानपत्रात आपलं गाव एकाच बातमीपुरतं दिसतं. एका पुस्तकात त्यांना आकडेमोड करून मोठ्यांना गप्प बसवणारी पोरगी दिसू दे. कर्ज आहे, कादंबरीतही आहे. बाप हमीभावाच्या रांगेत उभा राहतो, बियाणाची उधारी मोजतो. तेवढं पुरे.

१२ जानेवारी २०२५

घरात सगळे खाजवताहेत.

मधल्या खोलीत कापूस दोन महिन्यांपासून पडून आहे आणि त्यात बारीक किडे झालेत. साठवलेल्या कापसानं अंगाला पुरळ येते, हे इथं दरवर्षीचं. मी हातावर खोबरेल चोळत बसले होते आणि एकदम उठून वही शोधली.

खाज हा पुरावा आहे! चोरानं घरातला कापूस उपसला असेल तर त्याला खाज सुटणार. आधी वाटलं, गावात कोण खाजवतो ते सुगी शोधेल. गुंता वाढवायला गाजरगवत आहे, बांधावरच्या खाजकुहिलीच्या शेंगाही आहेत. तीन खाजा, तीन कारणं. गाजरगवताची बहुतेक उघड्या भागाला, चेहरा, मान, हात. कुहिलीची कूस लागली की त्याच क्षणी आग. कापसाची मात्र कपड्यांच्या आतही, आणि रात्री जास्त. हे प्रकरण लिहिताना मजा आली, पोरांना तर येणारच.

पण खरी कळ दुपारी सापडली. घरात तर सगळ्यांनाच खाज आहे, मग तो पुरावा कसला? पुरावा उलटा आहे. देवराव जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, वावरात झोपतो, घरातल्या कापसाला त्याचा हात लागत नाही. त्याला खाज नाही. ज्याच्यावर आरोप, तोच एकटा न खाजवणारा.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा करून पांढरकवडा रस्त्यावरच्या एका जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढायच्या कारखान्यात, गेले. ओळखीतून आत सोडलं. तिथला आवाज शब्दांत येत नाही, नुसता छातीत बसतो. डबल रोलर जिनं ओळीनं, वरून कापूस पडतो, समोर रुई, खाली सरकी. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. सुगीच्या घरचा सगळा माल एका गाठीलाही पुरत नाही. हे वाक्य कादंबरीत बापाच्या तोंडी गेलं, तेवढ्यानं त्याची परिस्थिती कळते.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओल ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढं प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल घेत नाहीत. पोरांना हे कसं सांगू या विचारात होते. घरी येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं चार वाक्यांत आपल्या नातवाला समजावलं. तशीच्या तशी उतरवली.

२३ फेब्रुवारी

बोलीचा प्रश्न लांबवत होते, आता सोडवावाच लागला. आख्खी कादंबरी वऱ्हाडीत लिहावी अशी इच्छा होती. दोन पानं लिहून वर्गातल्या एकाला वाचायला दिली. तो अडखळला. जी भाषा तो दिवसभर बोलतो ती त्यानं छापलेली पाहिलीच नव्हती. ‘पोया’ला त्यानं आधी ‘पोहा’ वाचलं. दुसऱ्या पानावर मात्र तो खुदकन हसला आणि म्हणाला, “हे तं आमची आजी बोल्ली!”

निवेदन साध्या प्रमाण मराठीत, बोलणं वऱ्हाडीत. ‘ळ’चा ‘य’ फक्त आजीच्या तोंडी. सुगी घरी एक बोलते आणि शाळेत एक, तपासातही ती हे वापरते. दुकानदाराशी शाळेच्या मराठीत बोलली की तो सावध होतो, “काऊन बे भाऊ” म्हटलं की सगळं सांगून टाकतो.

९ मार्च

काल वर्गात चौदा प्रकरणं वाचून झाली. चार दिवस लागले. पोरांनी जे केलं ते कुठल्या संपादकानं केलं नसतं.

पहिला वार: “मॅडम, देवरावले कापसाची खाज येतच नसंन तं? आमच्या काकाले नाई येत.”

गप्प झाले मी. माझा सगळ्यात लाडका पुरावा एका वाक्यात आडवा. मग त्यांनीच उपाय काढला: त्याला कापूस भरायला लावा. पंधरावं प्रकरण आज नव्यानं लिहिलं. गाडी भरायच्या दिवशी सुगी मुद्दाम त्याला मधल्या खोलीतून गाठोडी काढायला बोलावते. रात्री तो वावरातून पाठ खाजवत येतो आणि सुगी आनंदानं उड्या मारते. त्या बिचाऱ्याला कळत नाही, हिला एवढं काय झालं.

दुसरा वार: बोटांचे ठसे काऊन नाई घेतले? मी त्यांना सांगितलं की जगातला पहिला ठसे-विभाग १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाला, आणि ठशांच्या वर्गीकरणाचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा हात होता. पोरं खूश. पण कापसावर ठसा उमटत नाही, म्हणून हा भाग पुस्तकात नाही.

तिसरा वार, आणि हा मला हवा होता: “२९ किलो कापूस कोनी एकटा नेला तं दिसन ना! केवढा ढीग होते त्याचा.” बरोबर. तीच खूण आहे. एकदम नेला असता तर गावानं पाहिलं असतं. तो ओंजळी-ओंजळीनं गेला.

उत्तर मी त्यांना सांगितलं नाही. इथं लिहिते. लहान भावानं बर्फगोळ्यासाठी मुठी-मुठीनं दिलेला ३ किलो. आजीनं बांगड्यावालीला ५. बापाचा पानठेल्यावरचा खर्रा, ७. आणि आईनं बचत गटाच्या हप्त्यासाठी विकलेला १४. बेरीज २९. घरातल्या प्रत्येकाला आपलं तेवढंच माहीत, आणि प्रत्येकाला वाटलं की बाकीचा देवरावनं नेला असेल. खोटं कोणीच बोललं नाही.

आजीचं वाक्य लिहून ठेवलंय: “मी कायले चोरू? माह्याच घरचा कापूस मी घेतला.”

आईचं वाक्य अजून सापडत नाही. तो कापूस तिनंही वेचला होता, तिला मात्र किलोची मजुरी नाही. सुगी वहीत ‘आई, १४’ लिहिते की नाही, यावर तीन रात्री अडकले आहे. आजच्या मसुद्यात ती लिहिते, पेन्सिलीनं.

३० मार्च, गुढीपाडवा

सालदाराचं साल पाडव्याला संपतं. म्हणून कादंबरीचं घड्याळही पाडवा आहे, सुगीला तोवर सगळं सिद्ध करायचं असतं. शेवटचं प्रकरण त्याच दिवशी संपवायचा हट्ट होता, पुरणाच्या वासात संपवलं.

बाप कापलेले पैसे परत देतो आणि देवरावला पुन्हा सालासाठी विचारतो. देवराव सुपारी घेत नाही. नमस्कार करतो आणि दुसऱ्या शेतकऱ्याकडं साल धरतो. जाताना सुगीला बैलाचा दुखरा खांदा पुन्हा एकदा दाखवून जातो.

घरी वाचून दाखवलं तर माझा मुलगा रागावला. त्यानं राहायला पाहिजे होतं, म्हणे. मामाजी मात्र म्हणाले, “बराबर केलं त्यानं. मीबी नसतो राह्यलो.” मी बदलणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात बारा प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग, निळं कव्हर. प्रकाशकाकडं पाठवण्याआधी वर्गात फिरवायच्या. काल संध्याकाळी कपाटात ठेवल्या.

आज सकाळी चाळताना पान ८१ वर चूक सापडली, ३६.८ च्या जागी ३८.६. अख्ख्या कादंबरीत नेमका हाच आकडा. पेन घेऊन बसले आणि दुरुस्त करत गेले. अकरा प्रती झाल्या. बारावी कपाटात नाही.

वर्गात विचारलं. सगळे खाली बघत होते. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं.

वहीत लिहून ठेवलं: तारीख, प्रत नं. १२, शेरा.